चहा कोणता, कसा आणि कधी?

साखरा आणि शेजारच्या वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्या गटांतल्या ताई, मावश्या, आज्या आणि नव्या सुनांनो, हातातलं काम चालू राहू द्या. निवडायला घेतलेली भाजी निवडत राहा, कान मात्र इकडे द्या. आजचा विषय तुमच्या चुलीवरचाच आहे. तो म्हणजे चहा.

आपल्याकडे दारात पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा. लेकीला बघायला आले, चहा. भांडण मिटलं, चहा. मयताहून आले, तरी चहा. घरात दूध नसलं तर शेजारणीकडून अर्धा पेला मागून आणतो, पण माणसाला बिनचहाचं जाऊ देत नाही. इतका जवळचा पदार्थ, पण तो येतो कुठून, त्याचे प्रकार किती, कोणता कसा करायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कधी प्यायचा, हे आपण फारसं बोलत नाही. आज तेच बोलू.

झाड एक, चहा अनेक

पहिली गोष्ट. काळा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा अशी नावं आपण ऐकतो. वाटतं, झाडं वेगवेगळी असतील. तसं नाही. झाड एकच. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर त्याचं काय करतात त्यानं.

आसामात सिंगफो नावाचे आदिवासी लोक हे पान फार आधीपासून वापरत होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला त्यांच्याकडून या झाडाची माहिती मिळाली. पुढे १८३९ साली आसाम कंपनी निघाली आणि चहाचे मळे वाढत गेले. आज आसाम, दार्जिलिंग, दक्षिणेतला निलगिरी डोंगर, केरळातलं मुन्नार, हिमाचलातलं कांगडा इथं चहा पिकतो. आपल्याकडे का पिकत नाही? या झाडाला आंबट धाटणीची जमीन लागते, भरपूर पाऊस लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि पाऊसही मोजका. म्हणून आपल्याकडे सोयाबीन, कापूस, हळद.

मळ्यात पान खुडायचं काम जास्त करून बायाच करतात. पाठीला टोपली आणि शेंड्याची दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं. साधारण चार-साडेचार किलो ओली पानं असतील तेव्हा एक किलो चहा तयार होतो. आपण कापूस वेचतो, त्या पान वेचतात. आपल्या चमचाभर पत्तीत कुणा बाईची सकाळ असते.

आता प्रकार कसे होतात ते बघा. कापलेलं वांगं थोडा वेळ उघडं ठेवलं की काळं पडतं ना? चहाच्या पानाचंही तसंच. पान सुकवून, चुरगाळून हवेत ठेवलं की ते तांबूस-काळं होतं. मग वाळवलं की झाला काळा चहा. आपण रोज पितो तो हाच. पान तोडल्याबरोबर वाफवलं किंवा भाजलं तर ते काळं पडत नाही, हिरवंच राहतं. तो हिरवा चहा. अर्धवट काळं पडू दिलं तर ऊलाँग नावाचा चहा. आणि नुसत्या कोवळ्या कळ्या, फार हात न लावता वाळवल्या तर पांढरा चहा. तो महाग असतो.

आपल्या दुकानात मिळते ती गोल दाण्याची पत्ती. पान यंत्रात दाबून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. ही रीत आसामात १९३० च्या सुमाराला निघाली. दाणेदार पत्ती दुधात चांगली उतरते. त्यातलाच बारीक भुगा म्हणजे डस्ट. डस्ट रंग लवकर देते, कमी लागते, म्हणून हॉटेलवाले ती वापरतात. मोठ्या दाण्याला वेळ लागतो, पण चव जास्त राहते. घरी दोन्ही मिसळून वापरलं तरी चालतं.

रोजचा दुधाचा चहा

आता करायच्या रीती. दोन कप चहासाठी सव्वा कप पाणी ठेवा. आलं घालायचं तर ठेचून या पाण्यातच घाला आणि चांगलं उकळू द्या. कच्चं आलं थेट दुधात घातलं तर दूध फाटू शकतं, कारण आल्यात दूध नासवणारा अंश असतो. पाण्यात उकळला की त्याचा जोर जातो. मग सपाट दोन चमचे पत्ती घाला. दोन मिनिटं उकळू द्या. नंतर पाऊण कप दूध. एक-दोन उकळ्या आल्या की खाली उतरवा आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. मग गाळा.

पत्ती खूप वेळ उकळली की चहा कडक होतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो तुरट होतो. मग तुरटपणा झाकायला साखर वाढते. पत्ती कमी उकळा, साखर आपोआप कमी लागेल. आणि गाळून उरलेला चोथा पुन्हा उकळून दुसऱ्या खेपेचा चहा करू नका. त्यात चव उरत नाही, तुरटपणा तेवढा उतरतो. चोथा धुऊन गुलाबाच्या नाहीतर मोगऱ्याच्या बुडाशी टाका.

चहाचा मसाला विकतचाच हवा असं नाही. सुंठ दोन वाटे, वेलची एक वाटा, मिरी आणि दालचिनी अर्धा-अर्धा वाटा, चार लवंगा. कडक उन्हात ठेवून कुटा, चाळा, कोरड्या बाटलीत भरा. दोन कपांना चिमूटभर पुरतो.

गुळाचा चहा फाटू नये म्हणून

गुळाचा चहा सगळ्यांना आवडतो, पण फाटतो. का फाटतो? गुळात थोडा आंबटपणा आणि खारटपणा असतो. तापलेल्या दुधाला तो सोसत नाही. म्हणून रीत अशी: पाणी, आलं, पत्ती उकळून घ्या. गूळ त्यातच विरघळवा आणि खाली उतरवा. दूध दुसऱ्या भांड्यात वेगळं गरम करा. कपात आधी गाळलेला चहा, वरून गरम दूध. पुन्हा चुलीवर ठेवू नका. नाही फाटत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना गूळही साखरच. ‘गुळाचा आहे, चालतो’ असं म्हणून सासऱ्यांना तीन-तीन कप देऊ नका.

कोरा चहा, लिंबाचा चहा, हिरवा चहा

कोऱ्या चहाला पत्ती उकळायची नाही. पाणी खळखळ उकळलं की खाली उतरवा, एका कपाला पाव-अर्धा चमचा पत्ती टाका, झाका. तीन मिनिटांनी गाळा. त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की रंग एकदम फिका, सोनेरी होतो. केरळात याला सुलेमानी म्हणतात आणि भरपेट जेवणावर पितात. लिंबाच्या चहात दूध घालायचं नाही, एवढं सांगायला नको.

हिरव्या चहाला तर उकळतं पाणीही चालत नाही. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबा, मग पानं टाका, दोन मिनिटांत गाळा. जास्त वेळ ठेवला की कडू होतो. दूध नाही, साखर नाही. हिरवा चहा प्यायला की वजन उतरतं अशी जाहिरात आपण बघतो. त्यावर फार विसंबू नका. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला वजन उतरवायचा चहा नको, पोटभर भाकर हवी.

गवती चहा

गवती चहा हा चहा नव्हेच. ते गवत आहे, वासाचं. न्हाणीच्या सांडपाण्यावर मजेत वाढतं. पावसाळ्याच्या तोंडाशी जुन्या बेटातून दोन-चार कोंब मुळासकट काढून लावले की झालं. त्याला लिंबासारखा वास असतो. चार पानं धुऊन, गाठ मारून पाण्यात उकळा, सोबत आलं आणि तुळस. पत्ती न घालता असाच प्यायला तर त्यात कॅफिन नसतं, म्हणजे झोप उडवणारा अंश नसतो. संध्याकाळी चहाची तलफ आली तर हा बरा. गटाला काही करायचं असेल तर पानं सावलीत वाळवून, कापून पुड्या भरता येतील. विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी आधी करून घ्या.

मुलुखा-मुलुखाचा चहा

आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादचा इराणी चहा नावाजलेला. तिथं पत्तीचं पाणी झाकण लावून मंद आचेवर बराच वेळ ठेवतात, दूध वेगळं आटवतात, आणि कपात दोन्ही एकत्र करतात. पुण्यात अमृततुल्य म्हणतात तो चहा पितळी भांड्यात दूध, साखर, वेलची-आलं घालून उकळतात. काश्मीरात कहवा असतो, हिरव्या पानांचा, वर केशर आणि बदाम. तिथलाच नून चहा गुलाबी रंगाचा आणि खारट. हो, मीठ घालून! लडाखात तर चहात लोणी आणि मीठ घुसळतात. तिथल्या थंडीत अंगात ऊब राहावी म्हणून. म्हणजे बघा, ज्या मुलुखाला जे लागतं तसा चहा तिथं होतो. मग आपल्याला काय लागतं, याचाही विचार आपण करायला हवा.

चहा आणि रक्त

आता मुद्द्याचं बोलते. देशात जी मोठी आरोग्य पाहणी झाली, २०१९ ते २०२१ या काळातली, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. आपल्या गटात दहा जणी बसल्या तर त्यात पाच-सहा जणी अशा असू शकतात. जिना चढताना दम लागणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, पाय ओढत चालणं, केस गळणं याला आपण ‘कामाचा शीण’ म्हणतो आणि त्यावर उपाय म्हणून काय करतो? कपभर चहा पितो.

रक्ताला लोह लागतं. ते आपल्या जेवणात आहे. बाजरीची भाकर, हरभरा, तीळ, अळीव, हिरव्या पालेभाज्या, सगळ्यांत आहे. पण झाडापाल्यातलं लोह अंगाला लागायला आधीच अवघड. त्यात जेवणावर चहा प्यायला की चहातला तुरट अंश, ज्याला टॅनिन म्हणतात, तो पोटात लोहाला धरून बसतो. धरलेलं लोह रक्तात जात नाही, तसंच बाहेर पडतं.

हे खरं की खोटं, घरी बघा. कोऱ्या चहाचं पाणी थोडं लोखंडी कढईत किंवा तव्यावर रात्रभर राहू द्या. सकाळी ते शाईसारखं काळं झालेलं दिसेल. चहानं लोखंड धरलं, त्याचा तो रंग. ते पाणी फेकून द्या. पण तेच आपल्या पोटात जेवणाबरोबर होतं, हे ध्यानात ठेवा.

म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जे आहाराचे नियम सांगितले, त्यात लिहिलं आहे की जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळा. चहा सोडा असं नाही म्हटलेलं. वेळ बदला म्हटलंय. दूध घातलं म्हणून टॅनिनचा त्रास जात नाही. हिरवा चहाही त्याला अपवाद नाही. उलट लिंबू, पेरू, आवळा हे लोह अंगाला लावायला मदत करतात. तेव्हा जेवताना भाजीवर लिंबू पिळा, आणि चहा तासाभरानं घ्या.

आशाताई लाल गोळी देतात. गरोदर बाईला ती १८० दिवस, रोज एक. ती गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते असंच समजा. गोळी साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नका. एक सकाळी, एक रात्री. गोळीनं मळमळतं म्हणून पुष्कळ जणी ती बंद करतात. तसं झालं तर जेवणानंतर घेऊन बघा, आणि आशाताईंना सांगा. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही.

भूक मारणारा चहा

दुसरी गोष्ट याहून दुखरी आहे. खुरपणीला नाहीतर कापूस वेचायला जाणारी बाई पहाटे उठते, सगळ्यांचं करते, आणि स्वतः कपभर चहावर घराबाहेर पडते. चहानं भूक मरते, खरं आहे. पण भूक मेली म्हणजे पोट भरलं असं नाही. अकरा-बारा वाजेपर्यंत ती बाई रिकाम्या पोटी वाकून काम करते. घरात भाकर कमी असली की कोण चहावर भागवतं? आईच. हे घराघरात होतं आणि त्याला कुणी आजार म्हणत नाही.

मी म्हणते, चहा प्या, पण आधी काहीतरी खा. शिळी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी, मूठभर फुटाणे, गूळ-शेंगदाणे, जे असेल ते. मग तासाभरानं बांधावर चहा. काम तेवढंच होईल, पण डोळ्यांपुढं अंधारी येणार नाही. बांधावर चहा नेताना मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गरम चहा भरू नका. किटली किंवा स्टीलचा डबा न्या.

लेकरांचंही तसंच. चहात चपाती बुडवून, चहात बिस्कीट बुडवून दिलं की लेकरू गप्प बसतं. त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला काही लागत नाही, आणि दुपारच्या जेवणाची भूकही जाते. लहान लेकराला चहा द्यायचाच नाही. ताईचा हट्ट असला तर कपभर दूध द्या. दूध नसेल तर वरणाचं पाणी नव्हे, घट्ट वरण द्या. गरोदर बाईनं दिवसाला दोन लहान कपांवर जाऊ नये. झोप लागत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी दिवेलागणीनंतरचा चहा सोडावा.

साखरेचा हिशोब

आपल्याला गटात हिशोब करायची सवय आहे. एक हिशोब आत्ता करू. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. दिवसाला चार कप, म्हणजे चाळीस ग्रॅम. महिन्याला एका माणसाची सव्वा किलोच्या आसपास. पाच माणसांच्या घरात सहा किलो. नुसत्या चहाची! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच चमच्यांच्या आत साखर राहिली तर बरं. आपण चहातच आठ चमचे घेतो. दोनाचा एक चमचा केला तर महिन्याला तीन किलो साखर वाचेल. तिला तुमच्या दुकानातला भाव लावून बघा. त्या पैशात हरभरे येतील, तीळ येतील. एकदम कमी करू नका, घरचे ओरडतील. आठवड्याला पाव चमचा कमी करा, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पत्ती पारखून घ्या

सुटी पत्ती स्वस्त मिळते, पण तिच्यात वापरलेली पत्ती वाळवून, रंग लावून मिसळलेली असू शकते. पारख सोपी आहे. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या आणि वर चिमूटभर पत्ती टाका. चांगली पत्ती गार पाण्यात हळूहळू रंग सोडते. टाकल्याबरोबर लाल-पिवळा रंग उतरू लागला तर रंग लावलेला आहे. दुसरी पारख: पत्ती कागदावर पसरा आणि वरून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचा कीस असला तर चिकटेल. पाकीट घेतलं तर तारीख आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर बघा. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा, तिचाही सराव होईल.

मैत्रिणींनो, चहा आपल्या आनंदाचा आहे, तो कुणी काढून घ्यायला सांगत नाही. पुढच्या बैठकीत एवढं करून बघा: आपल्यातल्या कितीजणी जेवणावर लगेच चहा पितात ते हात वर करून मोजा. कितीजणींनी यंदा रक्त तपासून घेतलं तेही विचारा. ज्यांनी घेतलं नाही त्यांना सोबत घेऊन उपकेंद्रात जा. एकटी गेली तर बाई उद्यावर टाकते, चार जणी गेल्या तर होतं. महिनाभर चहाची वेळ पाळा, लाल गोळी न चुकता घ्या, मग पुन्हा तपासा. आकडा वर गेला की सगळ्या मिळून चहा करा, आल्याचा, एकच चमचा साखरेचा. पण हो, जेवणानंतर तासाभरानं!

रामराम.